हाताच्या अंतरावरची आग

नावडे फाट्यावरच्या टपरीसमोर सकाळी सातच्या सुमारास टँकरांची रांग लागते. कारखान्याच्या गेटवरून फोन येईपर्यंत ड्रायव्हर चहा घेत, तंबाखू मळत बसतात. प्रत्येक टँकरच्या मागे आणि दोन्ही अंगांना एक पाटी असते. तिच्यावर चार आकडी नंबर, त्याखाली कधी ज्वाळेचे, कधी हातावर सांडणाऱ्या आम्लाचे चित्र, आणि एखादा फोन नंबर. येणारेजाणारे ती पाटी वाचत नाहीत. मी वाचतो. १२३० म्हणजे मिथेनॉल, १८३० म्हणजे गंधकाम्ल, १२९४ म्हणजे टोल्यूइन. तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात माझी एकतीस वर्षे गेली. पिंपांवर लेबले चिकटवणे, ड्रायव्हरच्या हातात ट्रेम कार्ड देणे, ते त्याने निदान एकदा तरी वाचावे म्हणून त्याच्या मागे लागणे, हे माझे काम होते. निवृत्तीनंतर लेबले सुटली, पण वाचण्याची खोड सुटली नाही.

ही ओळख आधी करून दिली, कारण पुढची चूक अशा माणसाने केली आहे.

गेल्या जानेवारीत नातीच्या बारशासाठी आम्ही दोघे बंगळूरला निघालो होतो. मोठी बॅग सामानाच्या पट्ट्यावर देऊन आम्ही निवांत झालो, आणि थोड्या वेळाने माझ्या नावाचा पुकारा झाला. आतल्या एका खोलीत माझी बॅग टेबलावर ठेवलेली. समोरच्या तरुणाने अदबीने विचारले, “काका, यात पॉवर बँक आहे का?” होती. बायकोच्या शालीत नीट गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध, मीच ठेवली होती. बॅटरी म्हणजे धोक्याचा माल. तो माणसांच्या बसण्याच्या जागेपासून लांब, विमानाच्या पोटात गेलेला बरा, असा माझा हिशेब. तरुण म्हणाला, “ही खाली जात नाही काका. तुमच्याजवळ ठेवा.” मी ती खिशात घातली. विमानात बसल्यावर ती हातातल्या पिशवीत टाकून पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात सरकवू लागलो, तर हवाई सेविकेने सांगितले, वर नको, पायाशी किंवा खिशात असू द्या.

बारसे छान झाले. पण परत आल्यावरही मला ते वाक्य सोडेना. धोक्याची वस्तू म्हणून ज्या वस्तूला नियम लावायचा, ती वस्तू प्रवाशांनी भरलेल्या खोलीत, प्रवाशाच्या अंगाशी ठेवा, असे सांगणारा नियम माझ्या एकतीस वर्षांत मी पाहिला नव्हता. एवढ्यावरून मी वाचायला बसलो. हा लेख त्या वाचनातून निघाला आहे.

*

धोका लांब ठेवायचा, हा समज माझ्यात कुठून आला, ते मला ठाऊक आहे. आमच्या कारखान्यात दर वर्षी १४ एप्रिलला सकाळी भोंगा वाजायचा, सगळे मैदानात जमायचे, दोन मिनिटे शांत उभे राहायचे, आणि मग अग्निशमनाची कवायत व्हायची. बाबासाहेबांच्या जयंतीची सुटी असली तर कवायत दुसऱ्या दिवशी. नव्या पोरांना तारखेचे कारण माहीत नसे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ आहे.

गोदीच्या स्फोटावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. सोन्याच्या विटा आकाशातून पडल्याची हकीकत तर तीन पिढ्यांनी ऐकली आहे. मला त्यातली फक्त मालाची मांडणी बघायची आहे. जहाज इंग्लंडहून फेब्रुवारीत निघाले. पोटात साधारण चौदाशे टन स्फोटके आणि दारूगोळा. शिवाय सोने. ते कराचीला लागले, आणि तिथे रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, वंगणाच्या तेलाची पिंपे आणि इतर किरकोळ माल भरला गेला. कापूस आणि स्फोटके एकाच खणात खालीवर बसली. युद्ध नसते तर असे जहाज गोदीत आणूच दिले नसते; माल बाहेर समुद्रातच पडावांवर उतरवावा लागला असता. युद्धामुळे ती शिस्त सैल झाली होती. जहाज १२ एप्रिलला मुंबईला आले, आणि धोक्याचा माल आहे हे सांगणारा लाल बावटा त्याच्यावर चढला नव्हता.

चौदा तारखेला दुपारी दोन नंबरच्या खणातून धूर येऊ लागला. कापूस एकदम भडकत नाही, तो आतल्या आत धुमसतो. हमाल बाहेर आले, बंब आले, नळ्या खाली सोडल्या, शेकडो टन पाणी ओतले. आग कुठे आहे ते कुणालाच दिसत नव्हते. गाठींच्या थरांखाली, लोखंडी भिंतीआड ती होती, आणि तिच्यापर्यंत जायला वाट नव्हती. जहाजाच्या बाजूची पोलादी पत्र्याची कातडी तापून रंगाचे फुगे येऊ लागले, तेव्हा आत नेमकी कुठे आग आहे याचा अंदाज आला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

मुंबईने यातून घेतलेला धडा माझ्या पिढीच्या अंगात मुरलेला आहे. स्फोटक वेगळे, जळाऊ वेगळे; दोन्ही वस्तीपासून लांब; मध्ये भिंत, मध्ये अंतर. मीही हाच धडा घेऊन पॉवर बँक शालीत गुंडाळली होती. पण त्या दुपारची हकीकत पुन्हा वाचताना मला दुसरीच गोष्ट दिसू लागली. धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंत दोन तास तरी गेले. माणसे होती, पाणी होते, बंब होते, वेळही होता. नव्हती ती फक्त आगीपर्यंत जायची वाट. गोदीच्या स्फोटात हे दोन वेगळे धडे एकत्र गुंफलेले आहेत, आणि आपण त्यातला पहिलाच तेवढा पाठ केला.

*

विमानांचे नियम लिहिले जाऊ लागले तेव्हा त्यांनीही आधी पहिलाच धडा घेतला. आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमावलीतल्या आठव्या नियमाने शस्त्रे, स्फोटके आणि धोक्याचा माल परवानगीशिवाय विमानात नेण्यास बंदी घातली. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपालाची पहिली खेप आणून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. धोक्याच्या मालाची व्याख्या अर्थातच त्या काळाची होती: जे पेटते, फुटते, सांडते, ते.

दुसरे महायुद्ध संपल्यावर रासायनिक माल देशोदेशी फिरू लागला आणि प्रत्येक देशाची लेबले वेगळी, असा घोळ झाला. तो निस्तरण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९५६ मध्ये शिफारशींचे पहिले पुस्तक काढले. त्याचे कव्हर नारिंगी, म्हणून जगभर त्याला नारिंगी पुस्तक म्हणतात. फाट्यावरच्या टँकरांचे चार आकडी नंबर त्या व्यवस्थेतून आले आहेत. विमान कंपन्यांच्या संघटनेनेही त्याच वर्षी आपली स्वतंत्र नियमावली काढली. पण नियमावली असणे आणि माल भरणाऱ्याने ती वाचलेली असणे यात किती अंतर असते, हे मला कुणी सांगायला नको. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी बोस्टनजवळ पॅन ॲमचे मालवाहू बोइंग ७०७ कोसळले आणि तिघे वैमानिक-कर्मचारी गेले. आत नायट्रिक आम्लाच्या बाटल्या होत्या, आणि त्या लाकडाच्या भुशात बसवल्या होत्या. नायट्रिक आम्ल भुशावर सांडले की काय होते, हे आमच्या कारखान्यातला हेल्परसुद्धा सांगेल. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८१ मध्ये धोक्याच्या मालासाठी अठरावे परिशिष्ट मंजूर केले आणि १९८४ पासून ते लागू झाले, त्यामागे अशा अपघातांची मालिका आहे. भारताने २००३ मध्ये धोक्याच्या मालाच्या हवाई वाहतुकीसाठी स्वतंत्र नियम केले; ते त्याच परिशिष्टावर बेतलेले आहेत.

पण त्याच १९७३ साली, बोस्टनच्या चार महिने आधी, पॅरिसजवळ एक अपघात झाला होता, आणि त्यातून एक अगदी निराळ्या स्वभावाचा नियम जन्माला आला. ११ जुलैला ब्राझीलच्या व्हारिग कंपनीचे विमान ऑर्ली विमानतळावर उतरण्याच्या बेतात असताना मागच्या शौचालयात आग लागली. धूर इतका की वैमानिकांनी विमान शेतात उतरवले. १३४ जणांपैकी १२३ गेले, बहुतेक धुराने गुदमरून. कचऱ्याच्या पेटीत टाकलेल्या जळत्या सिगारेटने आग लागली असावी असा निष्कर्ष निघाला. शौचालयात सिगारेट ओढायला बंदी घालणारे आणि तशी पाटी लावणारे नियम आले. त्याचबरोबर आणखी एक नियम आला: शौचालयाच्या दारापाशी रक्षापात्र असलेच पाहिजे. पुढे विमानात सिगारेट ओढणे पूर्ण बंद झाले, तरी ते रक्षापात्र काढले गेले नाही. आजच्या नव्या कोऱ्या विमानातही शौचालयाच्या दारावर ते छोटे झाकणाचे पात्र असते आणि बाजूलाच सिगारेटवर फुली मारलेले चित्र असते. लोक हसतात. पण नियम करणाऱ्याने माणूस ओळखलेला आहे. बंदी असूनही एखादा ओढणारच. मग त्याने थोटूक कागदांच्या पेटीत टाकण्यापेक्षा दिसेल अशा जागी विझवावे.

आग लागणारच नाही असे न समजता, लागलीच तर कुठे लागावी हे ठरवणारा नियम मला इथे पहिल्यांदा भेटला.

*

आता बॅटरीकडे येतो. लिथियम आयन बॅटरीची जन्मकथा २०१९ च्या नोबेल पारितोषिकामुळे बऱ्याच वाचकांना माहीत असेल: व्हिटिंगहॅम यांनी सत्तरच्या दशकात पाया घातला, गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला कोबाल्ट ऑक्साइडचा ध्रुव शोधला, योशिनो यांनी १९८५ मध्ये कार्बनची जोड देऊन ती वापरण्याजोगी केली, आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. नोबेलच्या कथेत सहसा न येणारे एक वर्ष म्हणजे १९८९. पुन्हा चार्ज होणारी धातुरूप लिथियमची बॅटरी मोली नावाच्या कॅनेडियन कंपनीने त्याआधीच विकायला काढली होती. जपानमध्ये ती घातलेले फोन पेटले आणि सगळा माल परत घ्यावा लागला. शुद्ध धातूऐवजी आयन वापरण्याची गरज किती खरी होती, ते त्या आगींनी दाखवले.

आयनाची बॅटरी सुरक्षित, पण तुलनेने. आत दोन ध्रुवांमध्ये केसापेक्षा पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि सगळे एका ज्वालाग्राही द्रवात भिजलेले असते. पडद्याला भोक पडले, बॅटरी चेपली, जास्त चार्ज झाली, किंवा कारखान्यातच धातूचा कण आत राहिला, तर तिथे उष्णता तयार होते. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने उष्णता वाढते, आणि एका टप्प्यानंतर ते चक्र बाहेरून थांबवता येत नाही. त्यात कोबाल्ट ऑक्साइडचा ध्रुव तापला की स्वतःच प्राणवायू सोडतो. आमच्या धंद्यात आगीचे तीन हात शिकवतात: इंधन, उष्णता, प्राणवायू. एक हात कापला की आग पडते. इथे तिन्ही हात एकाच डबीत बंद आहेत. हवा तोडून उपयोग नाही. उरतो एकच उपाय: पाणी ओतून थंड करत राहायचे. एक सेल विझला तरी शेजारचा तापलेला असतो, म्हणून ओतत राहायचे.

विमानाच्या पोटातली अग्निशमन व्यवस्था नेमकी हे करू शकत नाही. तिथे हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा मारतो, कागद-कपड्यांची आग दाबून ठेवतो, पण थंड करत नाही. २८ एप्रिल १९९९ रोजी लॉस एंजलिसच्या विमानतळावर जपानहून आलेल्या प्रवासी विमानातून उतरवलेल्या लिथियम बॅटऱ्यांच्या खोक्यांनी पेट घेतला. आग जमिनीवर लागली म्हणून सगळे वाचले. पण विझवली असे वाटेपर्यंत ती पुन्हा पेटत होती. हेच काही तास आधी समुद्रावर झाले असते तर, हा प्रश्न तपास करणाऱ्यांना पडला. अमेरिकेने २००४ मध्ये एकदाच वापरायच्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेणे बंद केले. १ जानेवारी २००८ पासून तिथे प्रवाशांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्यांना सामानाच्या बॅगेत बंदी आली. मला बॅग उघडायला लावणाऱ्या नियमाचे मूळ इथे कुठेतरी आहे.

दोन मालवाहू विमानांनी पुढचा धडा दिला. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या जंबो विमानात माल पेटला. त्यात लिथियम बॅटऱ्या होत्या. अशा विमानात आग लागली की मालाच्या भागातली हवा कमी करून तिचा प्राणवायू तोडायचा, ही पद्धत. धूर कॉकपिटमध्ये इतका भरला की वैमानिकांना समोरची उपकरणे दिसेनात; परत फिरून विमान दुबईतच कोसळले आणि दोघेही गेले. जुलै २०११ मध्ये कोरियाच्या एशियाना कंपनीचे मालवाहू विमान याच तऱ्हेने समुद्रात पडले. दोन्ही वेळी कर्मचारी होते, विझवायची साधने होती. मालाच्या ढिगाऱ्यात पेटलेल्या खोक्यापर्यंत जायची सोय नव्हती. फोर्ट स्टिकिनचा दुसरा धडा सहासष्ट-सदुसष्ट वर्षांनी हवेत गिरवला गेला, असे मला वाटते. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून लिथियम आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवणे जगभर बंद झाले, आणि मालवाहू विमानातही त्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसाव्यात असे ठरले.

आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने केलेला एक प्रयोग. बॅग भरून तिच्यात चार्ज केलेला लॅपटॉप आणि शेजारी कोरड्या शाम्पूचा फवाऱ्याचा डबा ठेवला, आणि लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तापवली. आग लगेच लागली आणि थोड्याच वेळात डबा फुटला, हॅलॉनचा परिणाम होण्याआधीच. हे वाचताना मला आमची बॅग आठवली. शालीच्या एका बाजूला पॉवर बँक होती आणि दुसऱ्या बाजूला मुलीसाठी नेलेल्या अत्तराची फवाऱ्याची बाटली.

*

इथे कारखान्यातली एक जुनी गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकातली आहे. आमच्या गोदामात थप्प्यांच्या मध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी गल्ली ठेवायचा दंडक होता, आणि माल वाढला की तो पहिला मोडायचा. मी स्वतः मोडला आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी पिंपे हलवून गल्ली करायची आणि साहेब गेले की पुन्हा भरायची. एका उन्हाळ्यात रंगकाम करणाऱ्यांनी अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचे बोचके थप्पीमागे टाकले. अळशीचे तेल वाळताना तापते. बोचके असले तर उष्णता आतच कोंडते आणि काडी न ओढता ते धुमसू लागते. आमच्या मुकादमाला वास आला. नशिबाने तपासणी दोनच दिवसांपूर्वी झाली होती आणि गल्ली अजून भरली नव्हती. तो आत गेला, आकडीने बोचके ओढून बाहेर अंगणात आणले आणि पाण्याच्या पिंपात बुडवले. सगळे मिळून चार मिनिटांचे काम. नंतर मी रिपोर्टात ‘गोदामाबाहेर किरकोळ धूर’ असे लिहिले. गल्लीबद्दल एक अक्षर लिहिले नाही, कारण लिहिले असते तर ती एरवी का नसते तेही लिहावे लागले असते.

पॉवर बँकेचा नियम म्हणजे ती गल्ली आहे. प्रवाशांच्या खोलीत शे-दीडशे नाके असतात, तितकेच डोळे असतात, पाणी असते, आणि शिकवून तयार केलेले चारपाच कर्मचारी असतात. त्यांना शिकवतात की आधी ज्वाळा मारा, मग पाणी किंवा हाताला येईल तो थंड, दारू नसलेला द्रव ओतत राहा; बर्फ टाकू नका, कारण बर्फाखाली उष्णता कोंडते. स्फोटकाची दुर्घटना क्षणात संपते, तिथे अंतर हाच उपाय. बॅटरी थोडा वेळ देते: आधी फुगते, गरम होते, वास सोडते, फुसफुसते. तो वेळ वापरायला कुणीतरी शेजारी असावे लागते.

यातून नियमातले पुष्कळसे कोडे सुटते. लॅपटॉप पूर्ण बंद करून, नीट गुंडाळून सामानाच्या बॅगेत चालू शकतो, पण पॉवर बँक कधीच नाही, असे का? नियमाच्या दृष्टीने लॅपटॉप हे उपकरण आहे. बॅटरी त्याच्या पोटात कवचबंद असते. पॉवर बँक ही नुसती सुटी बॅटरी, वर पातळसे कवच, आणि आत देखरेख करणारे सर्किट कंपनीच्या इमानावर. नारिंगी पुस्तकात उपकरणातल्या बॅटरीचा नंबर ३४८१ आणि सुट्या बॅटरीचा ३४८०. पॉवर बँक ३४८० मध्ये बसते. दोघींचा वर्ग नववा, म्हणजे संकीर्ण. जे कुठल्याच आठ वर्गांत धड बसत नाही ते तिथे जाते. आमच्याकडे नवव्या वर्गाचा माल आला की डिस्पॅचमधले लोक सुस्कारा सोडायचे, की चला, हलका माल आहे.

मापाचेही तसेच. पाकिटावर मिलीअँपिअर-तास ठसठशीत छापलेले असतात, नियम मात्र वॅट-तास मागतो, कारण आगीला विजेच्या साठ्याशी कर्तव्य आहे. हिशेब सोपा आहे. मिलीअँपिअर-तासांना हजाराने भागा आणि सेलच्या व्होल्टेजने, म्हणजे साधारण ३.७ ने, गुणा. वीस हजारांची पॉवर बँक ७४ वॅट-तास, चालते. सत्तावीस हजारांची जेमतेम शंभरच्या आत, चालते. तीस हजारांची १११ वॅट-तास. शंभर ते एकशेसाठच्या मध्ये असल्याने विमान कंपनीची परवानगी लागते. एकशेसाठच्या वर प्रवाशाजवळ अजिबात नाही. आणि आकडा पुसला गेला असेल तर? मग तपासणाऱ्याने कशावर विश्वास ठेवावा?

*

खोलीत आणलेली बॅटरी पुढे खोलीतच सरकत गेली. २३ सप्टेंबर २०१६ रोजी सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातून धूर आला. सॅमसंगचा एक जुना नोट फोन पेटला होता. कर्मचाऱ्यांनी तो काढून पाण्यात बुडवला. हे वर्ष नोट सेव्हनच्या आगींचे. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याच महिन्यात त्या फोनबद्दल सूचना काढली होती. धुराचा वास वेळेवर आला म्हणून कप्प्यातला तो प्रसंग किरकोळ ठरला.

२८ जानेवारी २०२५ ला कोरियातल्या बुसान शहराच्या गिमहे विमानतळावर तसे झाले नाही. एअर बुसानचे विमान अजून जमिनीवरच होते. मागच्या बाजूच्या कप्प्यात आग लागली आणि पाहता पाहता छत जळून गेले. १७६ जण घसरगुंड्यांवरून उतरले म्हणून वाचले. पॉवर बँकेतला आतला विद्युतरोध तुटल्याने आग लागली असण्याची शक्यता तपासाने मांडली. बंद झाकणाआड, दाटीवाटीने भरलेल्या पिशव्यांमध्ये, पुन्हा तेच घडले होते: आगीपर्यंत हात पोचेना. कोरियाने १ मार्चपासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासून विमानात पॉवर बँक वापरण्यावर, एमिरेट्सने ऑक्टोबरपासून वापरण्यावर आणि संख्येवर बंधने आणली.

आपल्याकडे १९ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात धावपट्टीकडे जाताना एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. ती समोरच्या आसनाच्या खिशात होती. कर्मचाऱ्यांनी काही क्षणांत विझवली, विमान परत आणले, कुणाला इजा झाली नाही. बुसान आणि दिल्ली या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. वस्तू तीच. विमानेही दोन्ही जमिनीवरच. फरक झाकणाचा. नोव्हेंबरमध्ये महासंचालनालयाने परिपत्रक काढले: पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात, वरच्या कप्प्यात नाहीत, आणि विमानात त्यांच्यावर फोन चार्ज करणे बंद. जहाजाच्या खणापासून सुरू झालेली ही वाट विमानाच्या पोटातून डोक्यावरच्या कप्प्यात आणि तिथून प्रवाशाच्या पायाशी आली आहे, आणि प्रत्येक टप्पा एखाद्या आगीने टाकायला लावला आहे.

एक तक्रार मात्र नोंदवतो. हे सगळे कुणी सांगत नाही. तपासणीच्या टेबलावर ‘चालत नाही’ एवढेच ऐकू येते, आणि लोकांना वाटते की त्रास द्यायला काढलेला नियम आहे. मग लोक तो चुकवतात: पॉवर बँक मोज्यात घालतात, डब्यात घालतात. चुकवलेला नियम म्हणजे भरून टाकलेली गल्ली. ट्रेम कार्डावर आम्ही मराठी-हिंदीत कारण लिहायला लागलो तेव्हा ड्रायव्हर ते वाचू लागले, हा माझा अनुभव आहे. विमानतळावर त्या तरुणाने मला आणखी एक वाक्य सांगितले असते, की खाली पेटली तर कुणाला कळणार नाही काका, तर मी ते तिथल्या तिथे समजलो असतो. त्याच्यामागे रांग होती, हेही खरे.

*

आमच्या दक्षिणेला, पनवेलच्या खाडीकडे, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. उलव्याची टेकडी कापून, नदी वळवून, दहा गावे उठवून तो झाला. त्या गावांचा इतिहास कुणी तरी वेगळा लिहायला हवा. आमच्याकडे विमान म्हणजे आजवर सांताक्रूझ, म्हणजे अर्धा दिवस आणि टॅक्सीची झकझक. आता तळोज्याच्या पाळीतली पोरेही गावी विमानाने जायच्या गोष्टी करतात.

परवा टपरीवर टँकरचा ड्रायव्हर शेजारी येऊन बसला. मूळ बीडचा, भाचीच्या लग्नाला नांदेडला विमानाने जायचे त्याच्या मनात होते. बसल्या बसल्या खिशातून पॉवर बँक काढून त्याने फोनला लावली. मी म्हटले, दाखवा बघू. वापरून वापरून तिच्यावरची छपाई उडालेली, एका कोपऱ्याला फुगवटा आलेला. टेबलावर ठेवली तर डुगडुगत होती.

“किती हजारची आहे?” मी विचारले.

“ठाव नाही काका. दोन वर्सं झाली. केबिनमध्ये उशाखालीच असते.”

समोर त्याच्या टँकरवर १२३० लिहिलेले होते. ट्रेम कार्ड कुठे आहे विचारल्यावर त्याने पटकन सांगितले, दाराच्या खिशात, आणि हवे तर दाखवतो म्हणाला. मी त्याला फोनची वायर काढायला सांगितली. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, उशाखाली तर नाहीच, आणि विमानात ही घेणार नाहीत, हे सांगितले. का, तेही सांगितले. चहा गार होईपर्यंत तो ऐकत होता. मग त्याने पॉवर बँक उचलली, टँकरकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “मग आत्ता ठिवू कुठं?”

टपरीवाल्याकडून पत्र्याचा रिकामा डबा मागून घेतला. त्यात वाळू घातली, पॉवर बँक ठेवली, आणि डबा टँकरपासून लांब, कंपाउंडच्या भिंतीशी, टपरीतून दिसेल असा ठेवला. गेटवरून फोन आला तसा तो टँकर घेऊन गेला. डबा मी संध्याकाळी ई-कचऱ्यात द्यायला घेऊन आलो; येताना दोनदा हात लावून पाहिला.